न उघडणाऱ्या काचेचा हिशेब

स्कॉर्पिओ, सफारी, फॉर्च्यूनर अशा तीन रांगांच्या गाड्यांना मागचं दार संपल्यावर आणि डिकीचं दार सुरू होण्याआधी आणखी एक काच असते. ती खालीवर होत नाही, तिला बटण नाही की हँडल नाही. तिसऱ्या रांगेत बसणाऱ्याला उजेड मिळावा आणि चालकाला मागे वळून पाहताना कोपरा दिसावा, एवढंच तिचं काम. गॅरेजवाले तिला क्वार्टर ग्लास म्हणतात. गवत कापण्याच्या यंत्रातून उडालेला खडा, रिव्हर्स घेताना घासलेला टेम्पो किंवा सीटवरची बॅग पाहून हात साफ करणारा चोर, कारण काहीही असो, ती फुटली की मालकाचा प्रश्न ठरलेला असतो: एवढ्याशा काचेला इतके पैसे, आणि वर गाडी दिवसभर ठेवून जायची? प्रश्न रास्त आहे. पण त्यामागे एक समजूत दडलेली असते की आपण काच विकत घेतोय आणि ती बसवणं ही किरकोळ बाब आहे. या कामात गोष्ट नेमकी उलटी आहे. काच तयार मिळते आणि ती एकतर योग्य असते किंवा नसते. काम चांगलं झालं की वाईट, हे ठरतं ते काचेला पत्र्याशी धरून ठेवणाऱ्या काही मिलिमीटर जाडीच्या चिकट थरावर आणि त्या थराखाली काय आहे यावर. पैसा आणि वेळ कुठे वाचवायचा आणि कुठे अजिबात नाही, हे यावरूनच ठरायला हवं.

आधी किमतीचं बघू. दारातली मोठी काच अनेकदा या छोट्या काचेपेक्षा स्वस्त पडते, हे ऐकून लोक चक्रावतात. दारातली काच म्हणजे आकार दिलेला, कडा घासलेला एक सुटा तुकडा. तो खाली रेग्युलेटरच्या पकडीत अडकतो, दोन्ही बाजूंनी रबरी खाचेत सरकतो आणि दाराचा आतला पॅड काढला की सहज बदलता येतो. क्वार्टर ग्लास मात्र बहुतेक नव्या गाड्यांत सुटी नसते. कारखान्यातच काच साच्यात ठेवून तिच्या कडेभोवती प्लास्टिकची किंवा पॉलियुरेथेनची किनार ओततात. त्या किनारीतच जागा पक्की करणाऱ्या खुंट्या, क्लिपा, काही गाड्यांत चकाकती पट्टीही बसवलेली असते. काही मॉडेलांत रेडिओच्या अँटेनाच्या बारीक रेषा याच काचेवर असतात. म्हणजे आपण घेतो तो काच आणि किनार मिळून झालेला एक जोडभाग, आणि तोही एका विशिष्ट मॉडेलच्या एका विशिष्ट बाजूचा. डावी काच उजवीकडे चालत नाही. खपही कमी, कारण ही काच रोज फुटत नाही. छोटी काच फोडली तर मालकाचं नुकसान कमी होईल असा दयाळू विचार एखाद्या चोराने केलाच, तर तो फसलेला असतो.

'मग कोपऱ्यावरच्या काचवाल्याकडून त्याच मापाची कापून घेतली तर?' ही शंका पुष्कळांच्या मनात येते, आणि तिचं उत्तर काचेच्या घडणीत आहे. बाजूच्या काचा टफन केलेल्या असतात. सपाट काच आधी आकारात कापतात, कडा घासतात, काळी किनार छापतात आणि मग भट्टीत सहाशे अंश सेल्सिअसच्या वर तापवून, वाकवून, हवेच्या जोरदार झोतांनी एकदम थंड करतात. पृष्ठभाग आधी थिजतो, गाभा नंतर. गाभा आकसताना पृष्ठभागाला आत ओढतो, त्यामुळे बाहेरच्या थरात कायमचा दाब आणि आत ताण साठून राहतो. हा दाबच काचेला साध्या काचेच्या कित्येक पट बळकट करतो. आणि एखादी भेग त्या दाबाच्या थरातून आत पोचली की साठलेला ताण एका क्षणात मोकळा होऊन पूर्ण काचेचे बोथट खडे होतात. म्हणूनच पुढच्या विंडशील्डवरचा टवका राळ भरून सांधता येतो, इथे तसं करता येत नाही. विंडशील्ड म्हणजे मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालून जोडलेल्या दोन काचा, त्यामुळे ती तडकली तरी जागेवर राहते. टफन काच एकतर अख्खी असते किंवा खड्यांचा ढीग असते. त्याच कारणाने टफन झाल्यावर ती कापताही येत नाही. कोपऱ्यावरचा काचवाला जी कापून देईल ती साधी खिडकीची काच. दिसायला तीच, पण अपघातात सुऱ्यासारखे तुकडे होणारी, आणि तेही बहुधा मुलं बसतात त्या तिसऱ्या रांगेत. खरी काच ओळखायला तिचा कोपरा पुरतो. आयएसआय चिन्ह, आयएस २५५३ हा मानकाचा क्रमांक आणि कंपनीचं नाव तिथे भाजून उमटवलेलं असतं. गाडीच्या काचा बनवणारा सेंट गोबेनचा कारखाना तर आपल्या चाकणलाच आहे. गाडीच्या कंपनीचा छाप नसलेली, पण अशाच नावाजलेल्या काच कंपनीची आणि चिन्ह असलेली काच घ्यायला माझ्या मते काहीच हरकत नाही.

आता त्या चिकट थराकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. जुन्या जीप आणि बस आठवा. त्यांच्या न उघडणाऱ्या काचा जाड रबरी पट्टीत बसवलेल्या असत. रबराच्या खाचेत दोरी घालायची, काच बाहेरून दाबून धरायची आणि आतून दोरी ओढत रबराचा ओठ पत्र्यावर चढवायचा. अर्ध्या तासाचं काम, आणि तीच काच पुन्हा काढताही येई. ती पद्धत मागे पडली ती केवळ फॅशन म्हणून नव्हे. रबर काही वर्षांत कडक होतं, आकसतं आणि गळायला लागतं. काच पत्र्याच्या पातळीत न बसल्याने वारा अडतो आणि आवाज करतो. शिवाय रबरात तरंगणारी काच गाडीच्या सांगाड्याला काहीच ताकद देत नाही. चिकटवलेली काच मात्र सांगाड्याचाच भाग बनते. हे चिकटद्रव्य म्हणजे पॉलियुरेथेन, कारागिरांच्या भाषेत पीयू. नळीतून काळ्या लोण्यासारखं बाहेर येतं आणि हवेतल्या बाष्पाशी संयोग होऊन रबरासारखं घट्ट, तरीही लवचिक होतं. ही लवचिकता हवीच, कारण खड्ड्यातून जाताना पत्रा पिळला जातो आणि उन्हात काच व पत्रा वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. या द्रव्याचा एक मोठा शत्रू म्हणजे सूर्यप्रकाशातले अतिनील किरण. काचेच्या कडेला जो काळा पट्टा आणि त्यापुढे विरळ होत जाणारे ठिपके दिसतात, तो पट्टा भट्टीत भाजलेल्या सिरॅमिक रंगाचा असतो आणि मुख्यतः या थराला उन्हापासून झाकण्यासाठी असतो.

बसवण्याचं काम जवळून पाहिलं की दिवस कुठे जातो ते कळतं. आधी आतून तिसऱ्या रांगेजवळचं प्लास्टिक ट्रिम उतरवायचं. त्यासाठी सीटबेल्टचा बोल्ट काढावा लागतो. पडदा एअरबॅग मागपर्यंत असलेल्या गाडीत बॅटरीची वायर काढून, कंपनीने सांगितलेली काही मिनिटं थांबल्याशिवाय छताकडच्या ट्रिमला हात लावायचा नसतो. मग खडे गोळा करायचे. हा भाग बहुतेक ठिकाणी उरकला जातो आणि त्याचा त्रास मालकाला महिनोन्महिने होतो. फुटलेली काच फक्त सीटवर पडत नाही. ती ट्रिमच्या फटीतून बाजूच्या पत्र्याच्या पोकळीत उतरते, पाणी निघून जाण्याची भोकं बुजवते आणि काचेच्या बरोबर खाली असणाऱ्या बेल्टच्या रिळात शिरते. तिथे अडकलेला एक टोकदार खडा बेल्ट आत-बाहेर होताना त्याचे धागे कुरतडत राहतो. म्हणून बेल्ट पूर्ण बाहेर ओढून दोन्ही बाजूंनी बोट फिरवून बघावा आणि रिळावर व्हॅक्यूमची नळी धरावी. त्यानंतर चौकटीला चिकटून राहिलेला जुना पीयू कापायचा. इथे नवशिका कारागीर चूक करतो. त्याला वाटतं, स्वच्छ करायचं म्हणजे पत्रा उघडा होईपर्यंत खरवडायचं. जाणकार तसं करत नाही. तो धारदार पात्याने जुना थर तासून दीड-दोन मिलिमीटरची सपाट पट्टी तशीच ठेवतो. कारखान्यात रंगावर घट्ट बसलेली ती पट्टीच नव्या पीयूसाठी सर्वांत भरवशाचा पाया असते, आणि तिच्याखालचा रंग शाबूत राहतो. कुठे पात्याने पत्रा उघडा पडलाच, तर तेवढ्या जागेवर प्रायमर लावून तो वाळू द्यायचा. काचेची कड क्लीनरने पुसून तिलाही प्रायमर लावायचा. पुसलेल्या पट्ट्यावर चुकून बोट टेकलं तरी त्वचेच्या तेलाचा ठसा राहतो आणि नेमकी तेवढ्याच जागी पकड कच्ची होते. शेवटी नळीच्या तोंडाला व्ही आकाराची खाच पाडून पीयूचा त्रिकोणी वरंबा अखंड ओढायचा, सक्शन कपने काच उचलून खुंट्या जागेवर आणायच्या आणि एकदाच, सारख्या दाबाने बसवायची. वरंब्याचं टोक दबून पसरतं आणि मधली हवा बाहेर निघते. सपाट पट्टी ओढली तर हवेचे खिसे तसेच राहून जातात.

'हा सगळा सोपस्कार कशाला? सिलिकॉन लावा, पाणी थांबलं म्हणजे झालं,' हा आक्षेप गॅरेजमध्येही ऐकू येतो आणि तो अगदीच पोकळ नाही. सिलिकॉन पाणी अडवतं, स्वस्त असतं, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं आणि बाथरूममध्ये वर्षानुवर्षं टिकतं. पण बाथरूमची फरशी ताशी शंभरच्या वेगाने खड्ड्यातून जात नाही. वजन पेलण्यासाठी आणि पिळणाऱ्या पत्र्याशी जोडून ठेवण्यासाठी लागणारी ताकद साध्या सिलिकॉनमध्ये नसते. त्यातून व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन वाळताना ॲसिटिक आम्ल सोडतं आणि उघड्या पत्र्यावर गंजाला आमंत्रण देतं. सर्वांत वाईट परिणाम पुढे दिसतो. सिलिकॉनचा अदृश्य पापुद्रा एकदा चौकटीवर बसला की त्यावर पीयू धरत नाही, आणि तो पापुद्रा पूर्णपणे काढणं फार जिकिरीचं. म्हणजे आज दोन-तीनशे रुपये वाचवणारा माणूस पुढच्या प्रत्येक नीट कामाची वाट अडवून ठेवतो. तात्पुरतं झाकायचंच असेल तर जाड प्लास्टिक आणि टेप बरी. टेपही रंगावर चार दिवस उन्हात तापू दिली तर तिचा गोंद रंगाला धरून बसतो, म्हणून शक्यतो ती दाराच्या खाचेत आत वळवून लावावी.

दुसरा आक्षेप जास्त विचार करायला लावणारा आहे. पुढची विंडशील्ड छताला आधार देते आणि चालकाशेजारचा एअरबॅग तिच्यावर टेकून फुगतो. तिच्या चिकटवण्याला महत्त्व आहे, ठीक. पण कोपऱ्यातल्या या काचेवर कुणाचा जीव अवलंबून आहे? मान्य करायला हवं की तुलनेत तिचा वाटा लहान आहे, आणि विंडशील्डइतकी भीती इथे दाखवणं हा धंद्याचा भाग असू शकतो. तरीही तीन गोष्टी उरतात. गाडी उलटली तर तिसऱ्या रांगेतला माणूस बाहेर फेकला जाण्याची वाट याच काचेतून जाते. दुसरं, बाजूच्या पत्र्याच्या त्या पोकळीत हल्ली बरंच सामान असतं: वायरिंगचे जोड, मागच्या एसीची नळी, काही गाड्यांत ॲम्प्लिफायर. आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गळती इथे दिसत नाही. विंडशील्ड गळली तर पाणी पायावर पडतं. इथे ते ट्रिमच्या मागून खाली उतरतं, स्टेपनीच्या किंवा जॅकच्या खोलगट जागेत साचतं आणि कळतं ते कार्पेटला कुबट वास आल्यावर, म्हणजे पत्र्याला गंज धरल्यावर. काच पुन्हा बसवता येते. कुजलेला मागचा पत्रा म्हणजे कापणं, वेल्डिंग, रंग, आणि गाडी विकताना 'अपघातग्रस्त' म्हणून लागणारा बट्टा.

वेळेचा प्रश्नही हवामानाशी बांधलेला आहे. पीयू बाष्पाने पिकतं आणि बाहेरून आत पिकत जातं. साधारण तेवीस अंश तापमान आणि पन्नास टक्के आर्द्रता असेल तर चोवीस तासांत तीन-चार मिलिमीटर, असा ढोबळ हिशेब. वरवर कोरडं लागलं म्हणजे आत झालं असं नसतं. कोकणात पावसाळ्यात ते भराभर पिकेल, कारण हवाच ओली आहे. पण तिथेच धोकाही आहे, कारण चिकटवण्याच्या जागेवर ओल किंवा दव चालत नाही. हवा दमट आणि पृष्ठभाग कोरडा, हे दोन्ही साधायला छप्पर हवं, रस्त्याच्या कडेला ताडपत्री नव्हे. विदर्भातल्या मे महिन्यात उलटी अडचण होते. उन्हात तापलेल्या पत्र्यावर वरंब्याला लवकर साय धरते आणि काच टेकवायला उशीर झाला तर ती साय पकडच होऊ देत नाही. गाडी कधी चालवायची हे नळीवर लिहिलेलं असतं. काही पीयू तासाभरात परवानगी देतात, काहींना कित्येक तास लागतात. नळीवरची मुदत संपलेली नाही ना, हेही तिथेच वाचता येतं आणि ते कारागिराला विचारण्यात संकोच नसावा. पहिला दिवसभर दुसरी एखादी खिडकी बोटभर उघडी ठेवावी. सगळं बंद असताना दार आपटलं की आतल्या हवेचा दाब नव्या काचेला बाहेर ढकलतो. वॉशिंग सेंटरचा फवारा तर दोन दिवस लांबच.

मग बचत कुठे करायची? माझ्या मते काचेत. टफन काच सांभाळून वापरली तर जुनी होऊन कमजोर होत नाही, त्यामुळे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा तशाच कुठल्या भंगार बाजारात त्याच मॉडेलची, त्याच बाजूची अख्खी काच मिळाली तर नाक मुरडू नये. अटी दोन: कडेला टवका नको, कारण टफन काचेची कड हीच तिची दुखरी जागा, आणि किनारीचं प्लास्टिक काढताना फाटलेलं नको. तीही काच मूळ गाडीतून तारेने नीट कापून काढलेली असावी, पहारीने उचकटलेली नव्हे. ॲक्रिलिकचा पत्रा मात्र नको. तो ओरखडतो आणि सुरक्षा काचेच्या मानकात बसत नाही. बदली काच मूळ काचेपेक्षा गडद घेण्याचा मोहही आवरावा. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० प्रमाणे बाजूच्या काचांमधून किमान पन्नास टक्के प्रकाश आरपार जायला हवा. तिसऱ्या रांगेची काच त्यातून सुटत नाही, आणि काळ्या फिल्मविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिलेला निकाल पोलिसांना चांगलाच पाठ आहे.

विम्याचं गणितही थोडं उलटं चालतं. आपल्याकडच्या मोटार पॉलिसीत काचेच्या भागांवर घसारा कापत नाहीत, हे खरं. प्लास्टिक आणि रबरावर मात्र निम्मा कापतात. म्हणून लोक खुशीने दावा करतात. पण दावा केला की नूतनीकरणाच्या वेळी नो क्लेम बोनस शून्यावर येतो, आणि तो पाच वर्षांत पन्नास टक्क्यांपर्यंत चढलेला असू शकतो. समजा, सवलतीआधीचा स्वतःच्या नुकसानीचा हप्ता बारा हजार आहे आणि बोनस पन्नास टक्के. मग एका दाव्याने पुढच्याच वर्षी सहा हजार जातील, वर सक्तीची वजावट वेगळी, आणि बोनस पुन्हा चढायला वर्षं लागतील. काचेचा खर्च यापेक्षा कमी असेल तर खिशातून देणं स्वस्त. चोरी झाली असेल तर मात्र दावा करायचा असो वा नसो, साफसफाईआधी फोटो आणि पोलिसांत नोंद हवी.

काच बसल्यावर, ट्रिम पुन्हा लावण्याआधी, पाण्याची परीक्षा व्हायलाच हवी आणि ती पीयू पिकल्यावर. साध्या पाइपने, कमी जोराने, खालच्या कडेपासून सुरुवात करून हळूहळू वर जात पाणी सोडायचं आणि दुसऱ्याने आत टॉर्च धरून बघायचं. वरून एकदम पाणी ओतलं तर कुठून शिरतंय हे कळत नाही. इतकं करूनही महिनाभराने कार्पेट ओलं सापडलं तर कारागिराशी भांडायला जाण्याआधी त्याच बाजूच्या टेललॅम्पच्या मागचं गॅस्केट, छतावरच्या कॅरिअर रेलचे बोल्ट आणि मागच्या बंपरआड हवा बाहेर सोडणाऱ्या रबरी झडपा तपासाव्यात. या गाड्यांत त्या कोपऱ्यातलं पाणी पुष्कळदा तिथूनच येतं, आणि ट्रिम नुकतंच काढून बसवलेलं असल्यामुळे आळ मात्र नव्या काचेवर येतो.